५ फेब्रुवारी १९६३ : क्वेसारची ओळख पटली

कॅलिफोर्नियात पॅसाडिना इथे मार्टेन श्मिट हे डच खगोलशास्त्रज्ञ ३सी २७३ या 'ताऱ्या'चा वर्णपट घेऊन बसले होते. रेषा ठळक, पण कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात. मग लक्षात आलं, या तर नेहमीच्याच हायड्रोजनच्या रेषा! फक्त लाल टोकाकडे १६ टक्क्यांनी सरकलेल्या. त्यांचे सहकारी जेसी ग्रीनस्टाइन यांनी लगेच आपल्याकडचा ३सी ४८ चा वर्णपट काढला. तिथे हेच सरकणं ३७ टक्के निघालं.

इतकं सरकणं म्हणजे प्रचंड अंतर. म्हणजे हे तारे नव्हतेच, क्वेसार होते. ३सी २७३ दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर आहे आणि अख्ख्या दीर्घिकेपेक्षा कितीतरी पट तेजस्वी. तेजाचा उगम मात्र सूर्यमालेच्या आसपासच्या आकाराचा. दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरात वायू कोसळताना तापतो, त्याचा हा झगमगाट. क्वेसार दूरवर, म्हणजेच भूतकाळात, जास्त आढळतात. विश्व सदासर्वकाळ सारखंच असतं, या मताला तो मोठा धक्का होता.

३सी २७३ कन्या राशीत आहे. आठ इंची दुर्बीण आणि काळोखी रात्र मिळाली, तर तो फिकट ठिपका तुम्हालाही दिसेल.