कालवांचं गोत्र

कोकणात ओहोटीच्या वेळी खाडीच्या खडकांवर बसून कालवं फोडणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आलो आहे. या कालवांचे आईबाप कोण, असा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही. पडायचं कारणही नव्हतं. समुद्रानंच पेरायची, समुद्रानंच वाढवायची, आपण फक्त काढून आणायची. पण जगात जिथं माणूस कालवांची शेती करू लागला, तिथं त्यांच्या सोयरिकी जुळवण्याचं कामही त्याच्याच अंगावर आलं. ते काम तो कसा शिकला आणि कुठं चुकू शकतो, हे आज सांगायचं आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी राज्यात, डेलावेअर उपसागराच्या काठी बायव्हाल्व्ह नावाचं एक गाव आहे. बायव्हाल्व्ह म्हणजे दोन शिंपांचा प्राणी. गावाचं नावच कालवांवरून पडलेलं! एके काळी इथून रेल्वेचे डबेच्या डबे भरून कालवं शहरांकडे जात. उपसागराच्या वरच्या भागातलं बी आणायचं, खालच्या खाऱ्या पाण्यात पसरायचं आणि पोसलं की काढायचं, अशी ही शेती.

१९५७ च्या वसंतात होड्यांच्या जाळ्यांत नुसते उघडे, रिकामे शिंपले येऊ लागले. दोन वर्षांत खालच्या भागातल्या दहांपैकी नऊ कालवं मेली. सूक्ष्मदर्शकाखाली एक एकपेशीय परजीवी दिसला. एका गोळ्यात अनेक केंद्रकं असलेला हा जीव कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्याला ‘एमएसएक्स’ म्हणू लागले. त्यातला ‘एक्स’ म्हणजे अज्ञात. तो खाणाऱ्या माणसाला काही करत नाही, पण त्यानं गावाचा धंदा बसवला. पुढे २००० मध्ये जनुकीय तपासणीतून कळलं, की हाच परजीवी आशियातून आलेल्या पॅसिफिक कालवांतही असतो.

रटगर्स विद्यापीठाचे हॅरॉल्ड हॅस्किन तेव्हा तिथं कालवांचा अभ्यास करत होते. उपसागरभर पसरलेल्या रोगावर औषध देणार कसं? हॅस्किन यांनी मेलेल्या नवांचा हिशेब तर मांडलाच, पण लक्ष ठेवलं ते वाचलेल्या दहाव्यावर. ही वाचलेली कालवं प्रयोगशाळेत आणून त्यांची पिल्लं काढली. ती पिल्लं पुन्हा त्याच रोगट पाण्यात सोडली. त्यातून जी तगली ती पुढच्या पिढीचे आईबाप. आपला शेतकरी चांगली कणसं बियाण्याला बाजूला काढतो, तोच हा न्याय. चार-पाच पिढ्यांनंतर या निवडलेल्या वाणांतली कालवं साध्या कालवांपेक्षा कित्येक पटींनी जास्त जगू लागली.

पण इथंच एक खोच आहे. कालवाची एक मादी एका वेळी कोट्यवधी अंडी सोडू शकते. गाईंचा कळप वाढवायचा तर पुष्कळ गाई लागतात. कालवांचं मात्र तसं नाही. दोन-चार माद्यांनी टाकी भरून जाते. बरं, टाकीत तीस आईबाप सोडले म्हणून तिसांचीही संतती पुढे येते असंही नाही. काहींची अंडी कच्ची निघतात, एखाद्या नराचं बीज इतरांवर मात करतं आणि बहुतेक पिल्लं मोजक्याच जोड्यांची असतात. वरून पाहावं तर लाखो पिल्लं. गोत्र पाहावं तर सगळी भावंडं!

भावंडांची संतती झाली, की तिच्या प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता चारांत एक होते. एरवी झाकून राहिलेले दोष मग उघडे पडतात. आणि कालवांत असे झाकलेले घातक दोष इतर बहुतेक प्राण्यांपेक्षा जास्त असतात, हे लोने आणि हेजकॉक या संशोधकांनी २००१ मध्ये पॅसिफिक कालवांवर दाखवून दिलं. दोष असलेली पिल्लं पहिल्या काही दिवसांतच गुपचूप मरतात. शेतकऱ्याला एवढंच दिसतं, की यंदा बी कमी निघालं. वाढही मंद आहे.

म्हणजे निवड कडक करावी तर आईबाप कमी होतात आणि आईबाप कमी झाले की वंश खचतो. यावर उपाय एकच. वेगवेगळे वाण वेगळे राखायचे, त्यांच्या वंशावळीची वही ठेवायची आणि वेळ आली की त्यांचा आपसात संकर करायचा. आपल्याकडे संकरित ज्वारीच्या बियाण्यामागं हाच विचार आहे.

डेलावेअरची गोष्ट अजून संपलेली नाही. १९९० मध्ये तिथं ‘डर्मो’ नावाचा दुसरा रोग पसरला. एमएसएक्सशी झुंजायला तयार केलेली कालवं त्याच्यापुढे टिकली नाहीत. निवडीतून आपण मागतो तेवढंच मिळतं. मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यात, दुष्काळानं पाणी खारट झालं तेव्हा, एमएसएक्स उपसागराच्या वरच्या भागापर्यंत पोचला होता. तिथली रानटी कालवं मोठ्या संख्येनं मेली. पण जी उरली, त्यांची प्रजा त्या रोगाला पुष्कळशी दाद देईनाशी झाली. प्रयोगशाळेनं मोजक्या आईबापांवर केलेलं काम समुद्रानं अगणित आईबापांवर केलं. नव्या रोगासाठी नवा वाण हवा असेल, तर तो शोधायला अशाच रानटी साठ्यांकडे जावं लागतं.

आपला याच्याशी काय संबंध? आपल्याकडे २००९ पासून व्हेनामी कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली. तिचे आईबाप परदेशातून येतात आणि चेन्नईत विलगीकरणात तपासले जातात. हा खर्च वाचवायला कुणी आपल्याच तळ्यातली मोठी कोळंबी निवडून तिची पिल्लं काढली, तर काय होईल? तळ्यातली सगळी कोळंबी बहुधा आधीच भावंडं असते. बी स्वस्त पडेल, पहिलं पीक कदाचित बरंही येईल. पुढचं पीक खचलं, की कर्ज काढून तळं भरणारा शेतकरी पाण्याला आणि खाद्याला दोष देईल. म्हणून बी घेताना भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: याचे आईबाप कुठले?

आता खाडीच्या खडकांवर कालवं दिसली, की माझ्याही मनात तोच प्रश्न येतो. ती कुणी निवडलेली नाहीत. त्यांची वंशावळ कुठल्या वहीत नाही. उद्या कोकणात कुणाला कालवांची शेती करायची झाली, तर पहिले आईबाप तिथूनच आणावे लागतील. खाडी बुजवण्याआधी एवढं तरी ध्यानात असावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)