तंजावरचा किल्ला आणि राजवीथी

तंजावर शहराचा जुना, कोटबंद भाग. मधोमध राजवाडा आणि त्याला वेढणाऱ्या चार राजवीथी, अशी याची आखणी. पूर्वेची कीळ वीदी, पश्चिमेची मेल वीदी. नैर्ऋत्येच्या शिवगंगा किल्ल्यात चोळांचे बृहदीश्वर मंदिर येते.

सोळाव्या शतकात नायक राजांनी ही वस्ती बसवली. त्यांची तोफ पूर्वेच्या तटावर अजून आहे: घडीव लोखंडाच्या लांब पट्ट्या जुळवून त्यांवर कड्या चढवलेली, सुमारे साडेसात मीटर लांब. १६७६ मध्ये शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी येथे गादीवर आले.

१७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने किल्ला घेतला, १७७६ मध्ये तो व्यंकोजींच्या वंशातील तुळजाजी राजांना परत मिळाला. खरी उलथापालथ केली ती १७९९ च्या तहाने. मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजे सरफोजी दुसरे यांच्या हाती किल्ला व भोवतालचा थोडा भाग उरला, शिवाय सालिना एक लाख पागोडे (सोन्याची नाणी) आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. राज्य आटले, पण राजाचे सारे लक्ष आणि पैसा या वस्तीत एकवटला. सरस्वती महाल ग्रंथालय बहरले. वाड्यातच देवनागरी छापखाना निघाला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी रूप, ‘बालबोधमुक्तावली’, छापले गेले. महाराष्ट्रात छपाई रुजण्याआधीची ही गोष्ट.

मेल वीदीचे मोल तर वेगळेच. कांचीहून हलवलेली सोन्याची बंगारू कामाक्षी देवी इथल्या देवळात आहे. संगीतकार श्यामाशास्त्री (१७६२–१८२७) तिचे पुजारी. याच रस्त्यावर पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांचे घर. भरतनाट्यमचा अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा आजचा क्रम त्यांनी बसवला. मराठी दरबार, तमिळ नट्टुवनार (नृत्यगुरू), तेलुगू पदे: हे सगळे हाकेच्या अंतरावर नांदत होते.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले. पुढे तट बराचसा पाडला गेला, त्याचे आणि खंदकाचे काही तुकडे तेवढे उरले.

सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथे तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आणि मोडी दफ्तराची तेराशेहून अधिक गाठोडी आहेत. या वस्तीचा रोजचा कारभार त्या कागदांत आहे. मोडी शिकणाऱ्या मराठी अभ्यासकांनी पुण्या-मुंबईच्या दफ्तरखान्यांबरोबर तंजावरकडेही वळावे.