शिवणयंत्रातून आलेली करवत

गणपती दोन महिन्यांवर आले की माजिवड्यातल्या आमच्या सोसायटीत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा मखर कसलं? २०१८पर्यंत याचं उत्तर सोपं होतं. थर्माकोलचे तक्ते आणायचे, तापलेल्या तारेनं कमानी कापायच्या आणि वर सोनेरी कागद लावायचा. मार्च २०१८मध्ये राज्य सरकारनं प्लॅस्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी घातली आणि ती तार अडगळीत गेली. आता बरेच जण प्लायवूडकडे वळले आहेत. प्लायवूडचं मखर सोडवून माळ्यावर ठेवता येतं, पुढच्या वर्षी पुन्हा जोडता येतं. पण प्लायवूड काही तापल्या तारेनं कापलं जात नाही.

मागच्या वर्षी शेजारचे काका एक जाहिरात घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवणारा. म्हणाले, "हे जिगसॉ मशीन घेऊ का? आठशे वॉटचं आहे आणि स्वस्तही आहे." वर्षातून चार-सहा दिवस लागणारं अवजार. पैसे वाया जाऊ नयेत, ही त्यांची काळजी रास्त होती. मी म्हटलं, "काका, आधी या यंत्राचा जन्म कसा झाला ते ऐका. काय बघून घ्यायचं, ते त्यातच आहे."

लाकडात सरळ कापणं सोपं, वळण कापणं अवघड. आमच्या या खाडीकाठच्या मुलखाला हे फार पूर्वीपासून ठाऊक असणार. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांची जहाजबांधणी सुरू झाली. जहाजाच्या पोटाला वाकड्या फासळ्या लागतात. जुन्या काळचे जहाज बांधणारे सुतार त्यासाठी निसर्गानंच वाकवलेली फांदी निवडत. कारण लाकडाला रेषा असतात. सरळ फळीतून वळण कापलं की त्या रेषा मध्येच तुटतात आणि नेमक्या त्या जागी लाकूड दगा देतं. म्हणजे वळण कापायचं नाही, शोधायचं, असा तो काळ होता.

नक्षीसाठी मात्र वळण कापावंच लागे. त्यासाठी कमानीच्या दोन टोकांत ताणून बसवलेलं केसासारखं बारीक पातं वापरत. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे करणाऱ्या माणसानं महोगनीच्या फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून तो कापला. मुलांनी तुकडे जुळवायचे आणि भूगोल शिकायचा. आज त्या खेळाला आपण जिगसॉ पझल म्हणतो. पण हे नाव खूप नंतरचं. एकोणिसाव्या शतकात पायानं चालवायची, वरखाली नाचणारी करवत आली. 'जिग' म्हणजे उड्या मारत नाचायचा नाच, त्यावरून जिगसॉ.

या सगळ्या करवतींची एक अडचण होती. पातं दोन्ही टोकांना धरलेलं, त्यामुळे कमान जेवढी खोल तेवढंच आत जाता येई. मोठ्या फळीच्या मध्यभागी पोचायचं कसं?

उत्तर सापडलं स्वित्झर्लंडमध्ये. तिथल्या सिंटिला या कंपनीत आल्बर्ट काउफमान नावाचे अभियंता होते. १९४६मध्ये त्यांनी घरातल्या शिवणयंत्राची सुई काढली आणि तिच्या जागी करवतीचं पातं बसवलं. सुई जशी कापडात वरखाली होते, तसं पातं लाकडात वरखाली होऊ लागलं. दुसऱ्याच वर्षी 'लेस्टो' या नावानं हातात धरायचं यंत्र बाजारात आलं. १९५४मध्ये सिंटिला बॉश कंपनीच्या ताब्यात गेली आणि हे यंत्र जगभर पोचलं.

काउफमान यांनी पात्याचं एक टोक मोकळं सोडलं. त्यामुळे करवत फळीवर कुठेही फिरू लागली. मध्यभागी कापायचं तर गिरमिटानं भोक पाडा, पातं आत घाला आणि निघा. त्यातच प्लायवूड सर्रास मिळू लागलं होतं. त्यात पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. एका थराची रेषा तुटली तरी दुसरा सांभाळून घेतो. वळण कापायला आता भीती उरली नाही.

पण मोकळ्या टोकाची किंमत असतेच. एकाच टोकाला धरलेलं पातं जाड लाकडात वाकतं. वर रेघेवर असतं, खाली भलतीकडे गेलेलं असतं. घरगुती जिगसॉचं निम्मं दुखणं हेच. ते वॉट वाढवून बरं होत नाही. वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते याचा आकडा; पातं किती सरळ चालेल, हे तो सांगत नाही. सहा किंवा बारा एमएमच्या प्लायला साडेचारशे-पाचशे वॉट पुष्कळ झाले.

मग पैसे कशाला द्यायचे? आधी बूड बघा. यंत्र ज्या धातूच्या पट्टीवर सरकतं ती जाड आणि सपाट हवी, अंगठ्यानं दाबून लवता कामा नये. गुण्या लावून पातं तिच्याशी काटकोनात बसतं का, ते दुकानातच तपासा. दुसरं, पात्याच्या मागे एक छोटं चाक त्याला आधार देतं. पातं बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा; खुळखुळत असेल तर यंत्र परत ठेवा. तिसरं, पात्याचा दांडा इंग्रजी 'टी'च्या आकाराचा बसणारा हवा, कारण आज तीच पाती सर्वत्र मिळतात. चौथं, वेग कमी-जास्त करण्याची सोय हवी. पात्याला मागेपुढे झोका देणारी सोय बऱ्याच यंत्रांत असते. तिच्यामुळे सरळ कापणं झपाट्यानं होतं, पण कडा खरखरीत येते. नक्षीच्या कामात ती शून्यावरच ठेवायची, म्हणून तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आणि शेवटी, कार्बन ब्रश सुटे मिळतील का, हे दुकानदाराला जरूर विचारा.

वाचलेले पैसे पात्यांवर घाला. वळणाला अरुंद आणि बारीक दात्यांचं पातं लागतं. नेहमीचं पातं वर जाताना कापतं, म्हणून वरच्या बाजूला कुसळं निघतात. तेव्हा चांगली बाजू खाली ठेवा, नक्षी मागच्या बाजूला उलटी काढा. पातं बदलताना प्लग काढलेला असावा. कापताना चष्मा आणि तोंडाला मास्क, याला पर्याय नाही.

आणि एकच छोटं मखर करायचं असेल, तर यंत्राचीही गरज नाही. सहा एमएमच्या प्लायला काही शे रुपयांची कमानीची हातकरवत आजही पुरते. दोन संध्याकाळी जास्त जातील एवढंच.

काकांनी ती जाहिरात घडी घालून ठेवली. मग आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी वर्गणी काढून एक साधं, पण जाड बुडाचं यंत्र आणि दोन पाकिटं पाती आणली. वर्षातून चार दिवस लागणारी वस्तू चार घरांत मिळून सोळा दिवस तरी चालेल, हा हिशेबही काकांचाच. पहिली कमान जरा वाकडी आली. ती त्यांनी मखराच्या मागच्या बाजूला लावली. ते मखर आता माळ्यावर आहे. यंदा त्याला फक्त नवा रंग द्यायचा आहे.