सहाणेवरचे वेढे

सिंहगडाच्या वाटेवरील धायरी हे २०१७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत सामील झालेल्या ११ गावांपैकी एक. धारेश्वराच्या या गावात इमारतींची दाटी झाली, तथापि नातवंड जन्मताच सहाण धुऊन ठेवणारी आजी तेथे अद्याप आढळते, आणि तिच्या बाळगुटीचे कुळ शोधू जावे तर ते एका गावात वा एका शास्त्रात मावत नाही.

त्याचा प्राचीन धागा जातकर्म संस्कारात आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात नवजाताला सोने उगाळलेले मधतूप चाटविण्याचे विधान आहे. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात पूर्वाभिमुख होऊन, धुतलेल्या दगडावर किंचित पाण्यात सोने उगाळण्याचा विधी सांगितला आहे. परंतु सोने ऐपतदारांचे. रयतेच्या सहाणेवर आली ती काष्ठौषधे. मुरुडशेंग आणि हिरडा सह्याद्रीच्या रानातले, अतिविष हिमालयातले, खारीक आखाताकडून आलेली, आणि जायफळ तर मूळचे बांदा बेटांवरचे. गलबते, तांडे आणि पेठांतले व्यापारी यांची शतकांची उलाढाल आजीच्या एका बटव्यात सामावली होती.

मात्रा मात्र तोळ्यामाशांत मोजण्याजोगी नव्हती, म्हणून वेढा हे माप रूढ झाले: दुधात भिजल्या सहाणेवर काष्ठ एकदा गोल फिरवले की एक वेढा. वेखंड, जायफळ यांसारख्या उग्र द्रव्यांचा एखादाच, खारीक-बदामाचे अधिक, आणि मुलाच्या वयाबरोबर चढते. हे मापन माजघरातील स्त्रियांनी अनुभवाने सिद्ध केले असावे, असे मला निःसंशय वाटते, आणि त्या बुद्धीविषयी मला नितांत आदर आहे.

पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, वर्षापर्यंत मध तर मुळीच नको, हा आजच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला शिरोधार्य मानावा. तो मानला की बाळगुटी मागे पडणार, आणि म्हणूनच या आचाराचे दप्तर आता तातडीने लिहिले पाहिजे. आयर्लंडच्या लोकविद्या आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांकडून घरच्या वृद्धांचे उपचार आणि रूढी वह्यांत उतरवून घेतल्या. सातव्या पुत्राच्या हाताला रोगहरणाचा गुण असतो, ही समजूतसुद्धा त्यांत आली. धायरीच्या शाळकरी मुलांनीही आपापल्या आजीपाशी वही घेऊन बसावे आणि कोणत्या महिन्यात कशाचे किती वेढे, जुलाब लागल्यास कोणते काष्ठ वाढवीत, तापात कोणते वगळीत, हे तिच्याच शब्दांत टिपून घ्यावे.