वृद्धांची बोधनक्षमता चाचणी
साठीनंतर स्मृती, भाषा, स्थळकाळाचे भान व रोजचे व्यवहार तपासण्याची वैद्यकीय पद्धत. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय वार्धक्य पाहणीला (२०१७–१८) जोडलेल्या अभ्यासातून साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. नेहमीच्या चाचणीप्रमाणे निरक्षर आजींना शंभरातून सात-सात वजा करायला लावणे अन्यायाचेच. म्हणून हिंदी मानसिक स्थिती चाचणीत वार उलटे म्हणायला सांगतात, वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी बोलते करतात. मुंबईजवळच्या आंबिवलीच्या आजोबांना शहाड-टिटवाळ्यामधले, म्हणजे त्यांचेच, स्टेशन विचारणे हेही असेच ओळखीच्या जगातले. घरच्यांची मुलाखत तितकीच मोलाची: हिशेब चुकतो का, ओळखीची वाट चुकते का? बहिरेपण, नैराश्य, थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही गुण घसरतात. ही कारणे तपासल्याशिवाय स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये.