प्रथिनांची तूट आणि पोटाचा हिशेब

१९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी गरीब देशांवर येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाबद्दल जगाला सावध करणारा अहवाल प्रसिद्ध केला. सहाच वर्षांनी, १९७४ मध्ये, डोनाल्ड मॅक्लारेन या पोषणतज्ज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून हे सगळे प्रकरण म्हणजे मोठी फसगत होती असे ठणकावून सांगितले. मधल्या काळात संकट टळले होते असे नाही. ज्या रूपात ते मांडले गेले होते त्या रूपात ते मुळात नव्हतेच, हे उमगले होते. ते उमगण्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा वाटा मोठा होता, आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञाचाही. पुढे याच सुखात्म्यांनी तोच हिशेब असा ताणला की गरिबांची भूकच कागदावरून विरळ होऊ लागली. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात असे मला वाटते. पोषणाच्या मोजमापात चूक राहणारच. ती चूक कुणाच्या अंगावर पडू द्यायची हा प्रश्न दोन्ही ठिकाणी होता, आणि तो शास्त्राच्या भाषेआड झाकला गेला होता.

सुरुवात एका खऱ्याखुऱ्या आजारापासून झाली. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली अंगावरचे दूध तुटलेल्या आणि मक्यावर वाढणाऱ्या मुलांच्या एका विकाराचे वर्णन केले. पाय सुजतात, कातडी सोलवटते, केसांचा रंग उतरतो, मूल मलूल होते. क्वाशिओरकर या नावाने तो ओळखला जाऊ लागला. १९५२ साली ब्रॉक आणि ऑट्रे यांनी आफ्रिकेच्या पाहणीनंतर हाच पोषणाचा सर्वांत गंभीर आणि सर्वांत पसरलेला विकार आहे असे लिहिले, आणि १९५५ पासून आंतरराष्ट्रीय संस्थांचा प्रथिन सल्लागार गट कामाला लागला. इथे एक उडी मारली गेली. सुजलेले मूल डॉक्टरांच्या डोळ्यांत भरत होते. नुसते वाळत, खंगत चाललेले मूल पुष्कळदा घरीच राहत होते. जे डोळ्यांत भरले त्यावरून सगळ्या गरीब जगाच्या आहाराचे निदान झाले. मग उपाय निघाले. ग्वाटेमालात सरकी आणि मक्याच्या पिठाची ‘इन्कापरिना’, म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेत शेंगदाण्याच्या पेंडीचे आणि हरभऱ्याचे पीठ मिसळून केलेले बहुउद्देशीय अन्न, लायसिन हे अमिनो आम्ल घातलेला मॉडर्न पाव, माशांची भुकटी, इतकेच काय, फ्रान्समध्ये खनिज तेलावर वाढवलेले यीस्टसुद्धा. हे काम करणारी माणसे लबाड नव्हती. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्य वेचले. पण प्रथिनांची तूट ही सरकारांना सोयीची तूट होती. ती पाकिटातून भरून काढता येत होती. जमीन कुणाची, मजुरी किती, रेशनवर धान्य पोचते का, हे प्रश्न विचारावे लागत नव्हते.

सुखात्मे लंडनमध्ये नेमान आणि ईगॉन पिअरसन या संख्याशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकले होते. भारतात परतल्यावर त्यांनी पीककापणीच्या नमुना पाहण्या उभ्या केल्या, आणि १९५१ ते १९७० या काळात रोममध्ये जागतिक अन्न आणि शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा वाहिली. जगातली दोनतृतीयांश माणसे उपाशी आहेत अशी विधाने तेव्हा सर्रास होत होती. ज्याचे खाणे सरासरी गरजेपेक्षा कमी तो उपाशी, असे गृहीत धरले तर पोटभर जेवणाऱ्या समाजातही निम्मी माणसे उपाशी ठरतील, कारण माणसागणिक गरज वेगळी असते. हा दोष त्यांनी स्वच्छ दाखवला. नंतर हीच शिस्त त्यांनी प्रथिनांना लावली. भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे त्यांनी तपासले, तेव्हा ज्या घरांत उष्मांक पुरेसे होते तिथे प्रथिनेही बहुधा पुरेशी निघाली. प्रथिने कमी पडत होती ती बहुतेक अशाच घरांत, जिथे एकूण अन्नच कमी होते. यात नवल नव्हते. गहू, ज्वारी, बाजरी यांच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनांतून येतात, आणि जोडीला वरण असले तर त्यात भरच पडते. आईच्या दुधात हे प्रमाण याहूनही कमी असते. शिवाय अन्नच अपुरे असले की शरीर प्रथिने वाढीसाठी न ठेवता ऊर्जेसाठी जाळून टाकते. अर्धपोटी मुलाला महागडी प्रथिने देणे म्हणजे चुलीत सागवान घालणे.

याला हैदराबादच्या पोषण संस्थेने प्रत्यक्ष प्रयोगाची जोड दिली. तिथल्या डॉ. सी. गोपालन यांनी आधीच दाखवले होते की क्वाशिओरकर झालेल्या आणि नुसत्या खंगलेल्या मुलांच्या आधीच्या आहारात म्हणावा असा फरक नसतो. १९७३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक ते पाच वर्षांच्या गरीब मुलांना वर्षाहून अधिक काळ गव्हाचे पीठ, साखर आणि तेल यांचा खाऊ देऊन काय झाले ते प्रसिद्ध केले. रोज ३१० उष्मांक, आणि प्रथिने अवघी ३ ग्रॅम. खाऊ मिळालेली मुले न मिळालेल्या मुलांपेक्षा उंचीने आणि वजनाने स्पष्टपणे अधिक वाढली. या विषयावरचा इतका साधा आणि इतका निर्णायक पुरावा क्वचितच सापडेल. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या अहवालाने प्रथिनांच्या गरजेचा आकडाही खाली आणला, आणि कागदावरची तूट बघता बघता आटली.

प्रथिनांचा कैवार घेणारे यावर रास्त आक्षेप घेऊ शकतात. भाकरी-वरणावर जगणाऱ्या देशाचा निष्कर्ष कसावा आणि केळ्यांवर जगणाऱ्यांना कसा लावणार? कसाव्यात प्रथिने नावालाच असतात, आणि तिथे पोट भरूनही ती कमी पडू शकतात. दुसरे असे, की धान्यातल्या प्रथिनांची प्रत दुधा-अंड्यांच्या तोडीची नसते, आणि खुरटलेल्या वाढीचा या प्रतीशी काही संबंध आहे का याचा शोध आज नव्याने सुरू आहे. दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण त्यांतून निघते ते इतकेच की ताट ठिकाणाठिकाणी तपासून पाहायला हवे. पाऊण जगाला एकच निदान चिकटवण्याला त्यांचा आधार मिळत नाही.

खरी अडचण पुढची आहे. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० उष्मांकांचा निकष धरून ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक गरीब असल्याचे दाखवले. रोमहून पुण्यात परतलेले सुखात्मे याला हरकत घेऊ लागले. त्यांचा नवा युक्तिवाद असा, की गरज केवळ माणसागणिक वेगळी नसते. एकाच माणसाचे खाणे आणि खर्च दिवसागणिक बदलतो आणि शरीर आपली काटकसर आपणच साधते. म्हणून सरासरीच्या बऱ्याच खालच्या रेषेपर्यंत माणूस कुपोषित धरू नये. रेषा तशी सरकवली की भुकेल्यांची संख्या एकदम खाली येते. १९८२ साली सुखात्म्यांनी संपादित केलेल्या, पुण्यातूनच निघालेल्या ग्रंथात अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी पुढची पायरी गाठली: बहुसंख्य खुरटी मुले लहान असली तरी निरोगीच आहेत.

यातली तर्काची फट आकड्यांतच दिसते. खाण्यातला फरक शरीराच्या आपसूक चढउतारातून आला असता, तर तो श्रीमंत-गरीब सगळ्यांत सारखा विखुरलेला सापडला असता. प्रत्यक्षात कमी खाणे कमी उत्पन्नाच्या मागोमाग चालते. खालच्या थरातला मजूर काही दिवस कमी आणि काही दिवस जास्त खातो असे नाही. तो कमीच खातो. कमी खाऊन तगून राहता येते हे खरे, पण त्याची किंमत कुठे मोजली जाते ते गोपालन दाखवत राहिले. हैदराबादजवळच्या फ्यूज बनवणाऱ्या कारखान्यात पोषण संस्थेने केलेल्या अभ्यासात कामगाराचे वजन आणि दिवसाचे काम एकमेकांच्या सोबतीने वाढताना दिसले. उंचीने खुरटलेल्या आईचे बाळंतपण अवघड जाते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. लहान असणे आरोग्याला पोषक आहे, तर ते फक्त गरिबांच्याच मुलांना का, हा गोपालन यांचा सवाल अजून कुणी खोडून काढलेला नाही.

सुखात्म्यांच्या गुरूंनी संख्याशास्त्राला दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करायला शिकवले होते. इथे त्या चुका अशा: जेवलेल्याला उपाशी मोजणे आणि उपाशी माणसाला जेवलेला मोजणे. पहिलीत सरकारचे थोडे धान्य वाया जाते. दुसरीत मूल जाते. सुखात्म्यांनी पहिली चूक टाळण्यासाठी अचूक गणित केले, पण दुसरीचे वजन त्या गणितात घातलेच नाही. इतका नीतिमान आणि कष्टाळू संशोधक तिथे घसरला, हे मला फार लागते.

त्यांच्या उत्तरायुष्यातला एक आग्रह मात्र बाजूला सारता येत नाही. कुपोषणात निव्वळ अन्नाइतकाच दूषित पाण्याचा आणि उघड्यावरच्या घाणीचा हात आहे असे ते सांगत राहिले. सतत जुलाब होणाऱ्या आतड्यात खाल्लेले अंगी लागत नाही, हे आज सगळे मानतात. तरी बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथल्या मोठ्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले, साधी शौचालये, हात धुण्याची सोय आणि पाणी शुद्ध करण्याचे औषध पुरवून मुलांची उंची वाढली नाही. तिन्ही देशांत पूरक आहाराने ती थोडी तरी वाढली. स्वच्छतेची गरज यातून रद्द होत नाही, कदाचित ती त्याहून कितीतरी कसून करावी लागेल. पण स्वच्छतेकडे बोट दाखवून ताटातले कमी करता येणार नाही, एवढे यातून निघते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा मुलामागे रोज ३०० उष्मांक आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिने ठरली. हैदराबादच्या खाऊतल्या उष्मांकांच्या जवळपास जाणाराच हा आकडा होता, आणि महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांतली सुकडी त्याच धाटणीची, पीठ, गूळ आणि तेलाची. २००९ मध्ये हे प्रमाण ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांवर नेण्यात आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. देशाचा आकडा ३५.५ होता.