शरीरद्रव-संतुलन

शरीरद्रव-संतुलन : शरीरातील पाणी व क्षार यांचे पेशींच्या आतील आणि बाहेरील प्रमाण कायम राखणारी शारीरक्रिया. प्रौढ पुरुषाच्या वजनात सुमारे 60 टक्के पाणी असते. स्त्रियांत व वृद्धांत ते कमी भरते. 60 किग्रॅ. वजनाच्या पुरुषात साधारण 24 लिटर पाणी पेशींत, तर 12 लिटर पेशींबाहेर असते. त्यातील सुमारे 3 लिटर रक्तद्रव असतो.

यंत्रणा : बाहेरील द्रवात सोडियम, आतील द्रवात पोटॅशियम अधिक असते. पेशीपटलातील पंप दर फेरीला तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो. हा पंप येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये उजेडात आणला. पाणी पंपाने हलत नाही. जिकडे क्षार दाट, तिकडे ते परासरणाने जाते. रक्तद्रव थोडा जरी दाटला तरी मेंदूतील अधोथॅलॅमस तहान जागवतो आणि व्हॅसोप्रेसिनच्या प्रभावाने मूत्रपिंडे पाणी राखतात. सोडियम राखण्याचे काम अल्डोस्टेरॉनचे.

बिघाड : घाम रक्तद्रवापेक्षा कमी खारट असतो. पोशीर (ता. कर्जत) परिसरात उन्हाळ्यात राब भाजताना किंवा वीटभट्टीवर राबताना घामावाटे पाणी अधिक जाते, बाहेरील द्रव दाटतो, पेशींतले पाणी ओढले जाते, लघवी थोडी व गडद होते. तासन्‌तास घाम गाळून नुसतेच पाणी बेसुमार प्यायल्यास उलटे घडते : सोडियम घटून पाणी पेशींत शिरते. कवटीत फुगायला जागा नसल्याने मेंदूवर दाब येऊन डोकेदुखी, ओकाऱ्या, प्रसंगी झटके येतात. मीठ घातलेल्या भाताच्या पेजेतून पाणी, सोडियम व पिष्ट एकत्र मिळतात. जुलाबावरील जलसंजीवनीचे तत्त्व तेच : आतड्यात ग्लुकोज व सोडियम जोडीने शोषले जातात, पाणी त्यांच्यामागे जाते. तिच्या 20.5 ग्रॅमच्या पुडीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज व 2.6 ग्रॅम मीठ असते. ती पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी.

पाणी भलत्या जागी गेल्यानेही प्राण धोक्यात येतो. कोकणातील लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो व फुप्फुसांत द्रव साचतो. रायगडमधील बिरवाडी व महाड येथे रुग्ण तपासणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी यावर रक्तवाहिन्या सैलावणारे प्राझोसिन वापरले. त्यासंबंधीचा लेख 1986 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला.